खातं कोणतं काढावं?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

कवीला लोक एरवी वृत्त विचारतात, मात्रा विचारतात, फार तर प्रकाशकाचा पत्ता विचारतात. अलीकडे मात्र मुशायरा संपून चहा सुरू झाला की नवे लिहिणारे हळूच जवळ येतात आणि म्हणतात, "सर, फेसबुकवर पेज काढू, की आहे तेच खातं चालेल?" प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. तोच प्रश्न मेंदी काढणाऱ्या मुलीला पडतो, शिकवणी घेणाऱ्या बाईंना पडतो आणि मोहल्ल्यातल्या वाचनालयालाही पडतो.

आपल्याकडे जुन्या घरांना ओटा असे, आत माजघर असे आणि रस्त्याच्या अंगाला एखादा दुकानाचा गाळा असे. कोणाला कुठवर येऊ द्यायचं, हे घराच्या बांधणीतच ठरून गेलेलं असे. समाजमाध्यमांवरच्या खात्यांकडे याच हिशेबानं पाहिलं, तर निम्मा गोंधळ मिटतो.

फेसबुकचंच घ्या. तिथे माणसाच्या नावाचं जे साधं खातं असतं, ती प्रोफाइल. नियमानुसार एका माणसाला खातं एकच काढता येतं आणि त्याच्या मुख्य प्रोफाइलवर रोजच्या व्यवहारातलं नाव लागतं. मित्रांची मर्यादा ५००० आहे. आता एखाद्याला खरोखरच ५००० मित्र असतील, यावर माझा तरी विश्वास नाही; पण गझल गाजली की विनंत्या येतात, आणि नाही म्हणणं आपल्याला जमत नाही. मग होतं असं, की मुलीच्या लग्नाचे फोटो, आईच्या आजारपणाची बातमी आणि नवी गझल, तिन्ही गोष्टी त्याच पाच हजारांसमोर जातात. प्रत्येक मजकूर कोणी पाहायचा, हे ठरवायची सोय तिथे आहे. फार थोडे लोक ती वापरतात.

पेज म्हणजे पान, हा दुकानाचा गाळा. त्याला अनुयायांची अशी मर्यादा नाही. ते अनेकांना मिळून चालवता येतं आणि नाव काहीही ठेवता येतं. आम्हा गझल लिहिणाऱ्यांना हे फार सोयीचं. घरातलं नाव एक, तखल्लुस दुसरा. प्रोफाइलवर तखल्लुस हेच मुख्य नाव केलं, तर कधीतरी ओळखपत्र मागितलं जाण्याची शक्यता असते. खऱ्या नावापुढे दुसरं नाव म्हणून तो जोडता येतो. पानावर मात्र तो एकटाच मिरवू शकतो. एक तोटा सांगायलाच हवा. पानावर टाकलेलं सगळ्या अनुयायांपर्यंत पोचतंच असं नाही, आणि पोच वाढवायची तर पैसे भरण्याची खिडकी समोर उघडीच असते. म्हणून दीड-दोनशे वाचक असलेल्या नव्या कवीनं पान काढायची घाई करू नये, असं मी म्हणतो. २०२१पासून प्रोफाइललाच व्यावसायिक रूप द्यायची सोय आली आहे. मित्र न होताही लोक आपल्याला वाचू शकतात. सुरुवातीला तेवढं पुरे.

इन्स्टाग्रामची गोष्ट माझ्या भाचीमुळे मला नीट समजली. ती मेंदी काढते. घरच्यांचं म्हणणं, खातं बंद असावं, ओळखीच्याच लोकांनी पाहावं. तिचं म्हणणं, "मामू, गिऱ्हाइकाला दिसलंच नाही तर ऑर्डर कशी येणार?" दोघांचंही बरोबर होतं, आणि एका खात्यात दोन्ही बसत नव्हतं. कारण इन्स्टाग्रामवर वैयक्तिक खातं खाजगी ठेवता येतं, पण व्यावसायिक खातं खाजगी होऊ शकत नाही. शेवटी तिनं दोन खाती केली. एक मैत्रिणींपुरतं, कुलूपबंद. दुसरं उघडं, त्यात फक्त हात आणि नक्षी, चेहरा कुठेच नाही. एकाच फोनवर पाच खात्यांपर्यंत ये-जा करता येते, त्यामुळे अडचण आली नाही. व्यावसायिक खात्यातही दोन जाती आहेत, धंद्याची आणि कलावंताची. धंद्याचं खातं घेतल्यावर तिला रीलमागे हवी ती चित्रपटगीतं लावता येईनात. त्या गाण्यांचा परवाना बहुतेक वेळा व्यापारी वापरासाठी नसतो. कलावंताच्या खात्यात निवड जास्त असते. तिनं जात बदलली. बदलायला पैसे पडत नाहीत आणि अनुयायी जात नाहीत.

ऑर्डरींसाठी तिनं व्हॉट्सॲप बिझनेस घेतलं. हे ॲप २०१८मध्ये आलं. त्यात नमुन्यांची यादी लावता येते, रात्री दहानंतर आलेल्या निरोपाला आपोआप उत्तर जातं. मात्र एक नंबर एकतर साध्या व्हॉट्सॲपवर चालतो, नाहीतर बिझनेसवर. तिनं वेगळं सिमकार्ड घेतलं. घरचा नंबर गिऱ्हाइकांच्या हाती गेला नाही, ही त्यातली मोठी गोष्ट.

नंबराचा हा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. कविसंमेलन ठरलं की कोणीतरी उत्साहानं गट काढतो आणि शंभर-दीडशे जणांना त्यात ओढतो. गटात १०२४ माणसं मावतात, आणि त्यातला प्रत्येक जण बाकीच्या सगळ्यांचा नंबर पाहू शकतो. कवयित्रींना याचा त्रास होतो. कवितेवर अभिप्राय देण्याच्या निमित्तानं अवेळी फोन येतात. काहीजणी गट सोडतात, आणि मागाहून आपण म्हणतो, बायका कार्यक्रमाला येत नाहीत. फक्त संयोजकांनीच लिहावं अशी अट घातली, तरी नंबर दिसायचे ते दिसतातच.

निव्वळ कार्यक्रमाची वेळ आणि जागा कळवायची असेल, तर गट काढूच नये. ब्रॉडकास्ट यादी करावी. तिच्यात २५६ नावं बसतात, निरोप प्रत्येकाला स्वतंत्र जातो. अट एवढीच, की समोरच्यानं आपला नंबर साठवलेला हवा. लोक त्याहून जास्त असतील तर चॅनल काढावं. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३मध्ये आली. चॅनलवर अनुयायांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि चालवणाऱ्याचाही नंबर त्यांना दिसत नाही. पण गटातला मजकूर पाठवणारा आणि वाचणारे यांच्यातच कुलूपबंद असतो, तसं चॅनलचं नाही. तो चौकातला फलक आहे. आणि चॅनलवर दाद म्हणजे एखादं बदामाचं चिन्ह. शेराला 'मुकर्रर' म्हणणारा माणूस तिथे नाही. माझ्यासाठी आठ-दहा जणांचा गटच बरा, ज्यात एखादा मिसरा अडला तर रात्री विचारता येतो.

आता शेवटची गोष्ट, जिच्याकडे संस्था सहसा लक्ष देत नाहीत. फेसबुकचं पान संस्थेच्या नावाचं असलं, तरी किल्ली कोणा माणसाच्या प्रोफाइलमध्ये असते. तो माणूस वारला आणि त्याची प्रोफाइल स्मृतिखातं म्हणून नोंदली गेली, तर तो एकटाच चालवत असलेलं पान फेसबुक काढून टाकतं. वर्षानुवर्षांची छायाचित्रं, चित्रफिती, लोकांचे अभिप्राय, सगळं त्याबरोबर जातं. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळांचा कारभार एकाच उत्साही कार्यकर्त्याच्या खांद्यावर असतो, म्हणून ही भीती पुस्तकी नाही. स्वतःच्या प्रोफाइलसाठी आपल्यामागे ती सांभाळणारा वारस नेमायची सोय २०१५पासून आहे. पण त्या वारसाला आपल्या नावानं आत शिरता येत नाही आणि जुने निरोप वाचता येत नाहीत. पानाचा प्रश्न त्यानं सुटत नाही. तिथे दुसऱ्या माणसाला पूर्ण अधिकार देऊन ठेवावे लागतात. आमच्या मंडळात असे तिघं आहेत, आणि त्यातली एक पंचविशीच्या आतली आहे. पानाच्या सेटिंगमध्ये जाऊन हे करायला पाच-दहा मिनिटं लागतात. फक्त ज्याला नेमायचं, त्याची स्वतःची फेसबुक प्रोफाइल असली पाहिजे.