शके 976 : आपलं कोरं पान

क्रॅब नेब्युलाच्या पोटातल्या पल्सारची गिरकी मंदावते कशी, हे आज सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. हा नेब्युला ज्यातून जन्मला तो ताऱ्याचा स्फोट चिन्यांनी 4 जुलै 1054 (शके 976) रोजी पाहिला, असं मागच्या लेखात एका ओळीत उरकलं आणि वाचकांनी मला तिथेच गाठलं : 'मग आपल्याकडे तो कुणालाच कसा दिसला नाही?' हा प्रश्न मलाही कित्येक वर्षं छळतोय, त्यामुळे आजचा लेख त्याचाच.

पावसाळा होता हो, असं म्हणून लोक मोकळे होतात. ऐकायला बरं वाटतं, पण टिकत नाही. तारा वृषभाच्या शिंगाच्या टोकाजवळ होता, म्हणजे त्या दिवसांत पहाटे पूर्वेला उगवणारा. शुक्रासारखा तळपत होता. भरदिवसा दिसला तो 23 दिवस. तेवढे दिवस ढगांत गेले असं धरू. पण रात्री तो एप्रिल 1056 पर्यंत नुसत्या डोळ्यांना दिसत होता. मधे दोन अख्खे हिवाळे गेले! मार्गशीर्ष-पौषात वृषभ रास जवळजवळ रात्रभर आकाशात असते. शिवाय तमिळ देशात जुलैत कुठे एवढा पाऊस पडतो?

लिहिणारे नव्हते म्हणावं, तर तसंही नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके 982चा, ताऱ्यानंतर अवघ्या सहा वर्षांचा. माळव्यात भोजराजाच्या नावावर 'राजमृगांक' हा ज्योतिषाचा करणग्रंथ आहे, तो ताऱ्याच्या आधी बारा वर्षांचा.

माझं मत विचाराल तर आपल्या ज्योतिष्यांचा जीव गणितात होता. ग्रहण कधी लागणार, तिथी कुठे संपणार, ग्रह कोणत्या अंशावर येणार. अवचित उगवून वर्ष-दोन वर्षांत विझणारा तारा कुठल्या कोष्टकात बसवायचा? अशा गोष्टींची सोय संहिताग्रंथांत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत केतूंवर स्वतंत्र अध्याय आहे, पण असं दिसलं तर फळ काय, यावरच सगळा भर. अमुक साली अमुक दिसलं, ही टाचणं तिथे शोधू नयेत.

चीनच्या सोंग दरबारात मात्र यांग वेइ-दे नावाचा ज्योतिषी होता. त्याने बादशहाला कळवलं, की नव्या ताऱ्याने रोहिणीजवळच्या तारकागटावर आक्रमण केलेलं नाही, तेव्हा राज्यात कुणीतरी थोर पुरुष आहे. निव्वळ खुशामत. पण पुढे त्याने विनंती केली, की हे इतिहास-दप्तराकडे नोंदीसाठी द्यावं. त्या अर्ध्या ओळीसाठी त्याला सगळी खुशामत माफ!

कारण त्या तारखेवाचून आपण चक्क फसलो असतो. क्रॅबमधले वायूचे धागे बाहेर पसरताहेत. काही वर्षांच्या अंतराने काढलेले फोटो शेजारी ठेवले, की प्रत्येक धागा किती सरकला ते मोजता येतं, आणि तोच वेग धरून उलटं मागे गेलं, की सगळे धागे एका जागी कधी होते ते कळतं. व्हर्जिनिया ट्रिंबल यांनी 1968 मध्ये हा हिशेब मांडला. उत्तर आलं 1140च्या आसपास. नुसतं एवढंच हाती असतं, तर हा स्फोट आपण खुशाल भास्कराचार्यांच्या विशीत नेऊन ठेवला असता. पण नोंद 1054ची आहे. म्हणजे वायू आज सुरुवातीपेक्षा जास्त वेगाने पळतोय, त्याला आतून कुणीतरी रेटतंय. ते कोण, हे नियमित वाचकांनी ओळखलंच असेल : आतला पल्सार.

डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांनी आपल्या जुन्या ग्रंथांत अशा ताऱ्यांच्या नोंदी धुंडाळल्या होत्या. 1054च्या ताऱ्याकडे खात्रीने बोट दाखवावं असं काही हाती लागलं नाही. पण मठांतल्या नि वाड्यांतल्या सगळ्या पोथ्या काही कुणी वाचून संपवलेल्या नाहीत. ज्यांच्या घरी असं बाड असेल त्यांनी शके 976 ते 978 ही सालं बघावीत, आणि ग्रंथाच्या मजकुराआधी शेवटची कोरी पानं आणि समास. आकाशातली जागा रोहिणीच्या पूर्वेला, मृगाच्या उत्तरेला. काही सापडलं तर मला जरूर कळवा.