निश्चंद्रत्व आणि रासायनिक बंध

नांदेड जिल्ह्यातील लोहा या तालुक्याच्या गावाचे नाव कानी पडताच रसशास्त्राच्या अभ्यासकास लोहवर्गाचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविकच. त्या निमित्ताने एक मूलभूत प्रश्न आम्ही व्यवसायबंधूंपुढे मांडू इच्छितो. लोह व लोहभस्म यांत नेमके बदलते काय?

लोहाच्या तुकड्यातील अणू धातुबंधाने बांधलेले असतात. बाहेरील इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे न राहता सर्वांत मुक्तपणे संचार करतात. धातूची चकाकी व घनवर्धनीयता त्यांचीच देणगी होय. पुटामागून पुटे देता लोहाचा प्राणवायूशी संयोग होतो. लोहाचे इलेक्ट्रॉन प्राणवायूकडे जातात आणि विरुद्ध भारांच्या आकर्षणातून मुख्यतः आयनिक बंध निर्माण होतो. सैंधवातील सोडियम व क्लोरिन यांचा बंधही याच जातीचा. लोहभस्मात प्रामुख्याने फेरिक ऑक्साइड आढळते. मुक्त इलेक्ट्रॉन उरले नाहीत, म्हणून चकाकीही उरली नाही. आचार्यांनी सांगितलेले निश्चंद्रत्व ते हेच. मित्रपंचकासह तीव्र अग्नी देऊनही धातू पुन्हा प्रकट न होणे, ही अपुनर्भव परीक्षा त्या नव्या बंधाचे स्थैर्य तपासते.

कज्जलीत तिसरा प्रकार दिसतो. पारद व गंधक इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतात. हा मुख्यतः सहसंयुज बंध होय. १०० ग्रॅम पारदास बांधण्यास सुमारे १६ ग्रॅम गंधक पुरते. समभाग कज्जलीत गंधक त्याहून कितीतरी अधिक असतो. तथापि मर्दन अपुरे राहिल्यास गंधक विपुल असूनही पारद मुक्त राहू शकतो.

केवळ बंधाच्या नावावर विसंबणेही योग्य नव्हे. मर्क्युरिक क्लोराइडमधील बंधही सहसंयुजच. परंतु त्याचे रेणू सुटे असून पाण्यात विरघळतात, आणि ते तीव्र विष आहे. कज्जलीतील मर्क्युरिक सल्फाइडचे अणू अखंड जाळ्यात गुंफलेले असल्याने ते पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असते. पारद तोच, सोबती निराळा, म्हणून गुणही निराळे.

२००४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारद वा सोमल आढळले. त्यावर ‘आमचा पारद बद्ध आहे’ एवढे उत्तर पुरेसे नाही. मूलद्रव्य किती, हे एक परीक्षण सांगते. ते कोणत्या संयुगात आहे, हे क्ष-किरण विवर्तनासारखे दुसरे. शिवाय निश्चंद्रत्व ही नेत्रपरीक्षा आहे. अत्यल्प मुक्त पारद डोळ्यांस दिसेलच असे नाही, आणि अविद्राव्यता म्हणजे निर्विषता नव्हे.

म्हणून औषधनिर्मात्यांनी प्रत्येक घाणीचे दोन्ही अहवाल ठेवावेत. पारदयुक्त कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. वैद्यांनी असे अहवाल मागून घ्यावेत आणि मगच कल्प रुग्णाच्या हाती द्यावा. शास्त्रोक्त परीक्षा व प्रयोगशाळा यांना परस्परांच्या साक्षीदार मानण्यातच रसशास्त्राची प्रतिष्ठा आहे, असे आम्हांस वाटते.