वडील मंडळींचे हात मागें!

अमेरिकन संशोधक डीन केमन यांनीं १९८९ सालीं ‘फर्स्ट’ ही संस्था काढली, व १९९८ सालीं डेन्मार्कच्या ‘लेगो’ कंपनीच्या साहाय्यानें मुलांसाठीं ‘फर्स्ट लेगो लीग’ हा यंत्रविद्येचा उपक्रम आरंभिला. थोरल्या मुलांच्या विभागांत मेजावरील कामगिऱ्या यंत्रमानवानें अडीच मिनिटांत, आधीं लिहून दिलेल्या आज्ञांवरच, पार पाडावयाच्या असतात. तरी २०२४-२५ च्या हंगामांत या शर्यतीस अवघे एक-चतुर्थांश गुण होते. बाकीचे रचना, संशोधन आणि परस्परांशीं वागणूक यांचे!

प्राथमिक शाळेंतील सहा ते दहा वर्षांच्या बालकांचा विभाग तर याहून मौजेचा. तेथें पहिला-दुसरा कोणीच नाहीं. चार-सहा मुलांचा संघ ठोकळ्यांची प्रतिकृति रचतो आणि तिचा एखादा भाग छोट्या मोटारीनें हालता करतो. चाक अडतें, दोघांचें भांडण होतें, पुन्हां सारें मोडून जोडावें लागतें.

नियम असा कीं, काम मुलांनींच करावें. मार्गदर्शकानें फार तर प्रश्न विचारावे. आमच्या घरांतून हें कितपत साधेल? दिवाळीचा किल्ला मुलें आरंभितात, आणि बुरूज मात्र काकांच्या हातचे होतात! काकांचा हेतु चांगलाच असतो, याबद्दल शंका नाहीं. पण येथें परीक्षक मुलांजवळ बसून विचारतात, “हें चाक इथेंच कां लावलें?” त्या वेळीं काकांना बोलतां येत नाहीं.