अमेरिकन फुटबॉलमधील अतिविशाल देहयष्टीचा 'टाइट एन्ड' : व्यावसायिक यशाच्या पूर्वमूल्यमापनाचे निकष

प्रस्तावना :

क्रीडापटूची निवड करताना देहयष्टीचा विचार अपरिहार्य असतो. कुस्तीगीर, धावपटू, जलतरणपटू किंवा बास्केटबॉलपटू यांच्या यशात शरीररचनेचा वाटा मोठा असतो, हे शारीरिक शिक्षणशास्त्राने मान्य केलेले तत्त्व आहे. तथापि एखाद्या खेळाडूचे शरीर त्या खेळातील नेहमीच्या मापाबाहेर गेले, तर ते वरदान ठरेल की ओझे, हा प्रश्न तेवढा सोपा राहत नाही. अमेरिकेतील 'नॅशनल फुटबॉल लीग' (यापुढे एनएफएल) या व्यावसायिक स्पर्धेत 'टाइट एन्ड' या जागेसाठी होणारी निवड हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे.

एनएफएलमधील संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड दरवर्षी 'ड्राफ्ट' या सात फेऱ्यांच्या प्रक्रियेतून करतात. २०११ च्या करारानंतर ड्राफ्टमधून आलेल्या नवोदिताचा पहिला करार सर्वसाधारणपणे चार वर्षांचा असतो आणि त्याचा मोबदला मुख्यतः निवडीच्या क्रमावर ठरतो. म्हणजेच एकवीस-बावीस वर्षांच्या तरुणाच्या शरीराविषयी केलेल्या अंदाजावर त्याच्या उमेदीच्या वर्षांची मिळकत अवलंबून असते. तो अंदाज कोणत्या आधारावर बांधावा, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे :

१) टाइट एन्ड या जागेचे दुहेरी स्वरूप स्पष्ट करणे.
२) अतिविशाल देहयष्टीचे लाभ व मर्यादा यांची कारणमीमांसा करणे.
३) निवडक खेळाडूंच्या कारकिर्दीच्या आधारे मूल्यमापनाचे निकष सुचविणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व तुलनात्मक आहे. खेळाडूंची मापे, ड्राफ्टमधील क्रमांक आणि हंगामनिहाय कामगिरी या सार्वजनिक नोंदी त्यासाठी आधारभूत मानल्या आहेत. उदाहरणे मोजकी असल्याने त्यांतून सांख्यिकीय नियम काढण्याचा हेतू नाही.

टाइट एन्ड : एक जागा, दोन कामे

अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक संघाचे अकरा खेळाडू मैदानात असतात. आक्रमक संघाच्या मध्यभागी पाच धिप्पाड खेळाडूंची फळी असते. प्रतिस्पर्ध्याला अंगाने रोखून धरणे, म्हणजे ब्लॉकिंग, हे त्यांचे काम होय. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची मुभा त्यांना सामान्यतः नसते. या फळीच्या टोकाला लागून उभा राहणारा खेळाडू म्हणजे टाइट एन्ड. त्याने फळीतील गड्याप्रमाणे ब्लॉकिंग करावे आणि दुसऱ्याच क्षणी धावत जाऊन चेंडूही झेलावा, अशी अपेक्षा असते. पहिल्या कामाला वजन व ताकद लागते, तर दुसऱ्याला चपळाई आणि हातांचे कौशल्य लागते. या जागेवरील खेळाडू साधारणतः ६ फूट ४ ते ५ इंच उंच आणि ११० ते ११५ किलो वजनाचा असतो. प्रस्तुत लेखात ६ फूट ६ इंच किंवा त्याहून अधिक उंची, अथवा सुमारे १२० किलो वा त्याहून अधिक वजन असलेल्या खेळाडूस 'अतिविशाल' म्हटले आहे.

विशाल देहाचे लाभ

पहिला लाभ म्हणजे झेलण्याच्या कक्षेचा विस्तार. उंच खेळाडूचे हात लांब असतात आणि उडी मारल्यावर तो बचावपटूच्या आवाक्याबाहेरील चेंडू घेऊ शकतो. मैदानाच्या टोकाशी, जिथे धावायला जागाच उरत नाही, तिथे हा गुण विशेष मोलाचा ठरतो. दुसरा लाभ ब्लॉकिंगमधील. वेगवान फेकीच्या खेळाला उत्तर म्हणून अलीकडील बचावफळ्या अनेकदा एक वजनदार खेळाडू कमी करून एक हलका, वेगवान खेळाडू वाढवितात. अशा हलक्या बचावासमोर १२० किलोचा टाइट एन्ड जणू फळीतील सहावा गडीच ठरतो.

विशाल देहाच्या मर्यादा

येथे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम लक्षात घ्यावा लागतो. शरीराची ठेवण तीच ठेवून केवळ आकार वाढविला, तर स्नायूंची ताकद त्यांच्या छेदाच्या क्षेत्रफळाप्रमाणे, म्हणजे वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन मात्र घनाच्या प्रमाणात वाढते. ६ फूट ४ इंच आणि ६ फूट ८ इंच या दोन उंचींत सुमारे ५ टक्क्यांचा फरक आहे. या हिशेबाने ताकद सुमारे ११ टक्के, तर वजन सुमारे १७ टक्के वाढेल. प्रत्यक्ष शरीरे इतकी प्रमाणबद्ध नसतात, तरी दिशा हीच राहते. सरळ धावताना ही तूट फारशी जाणवत नाही. ती उघडी पडते थांबताना आणि वळताना. झेलाच्या बहुतेक मार्गांत खेळाडूला वेगाने धावून अचानक थांबावे व वळावे लागते. जो चार पावलांत थांबतो त्याच्यापासून बचावपटू दूर राहतो. ज्याला सहा पावले लागतात त्याला तो गाठतो.

दुसरी मर्यादा गुरुत्वमध्याची. ब्लॉकिंगमध्ये ज्याचे खांदे खाली, त्याची सरशी, हा अनुभवसिद्ध नियम आहे. उंच खेळाडूला कंबर व गुडघे अधिक वाकवावे लागतात. तसे न जमल्यास त्याच्याहून वीस किलोने हलका प्रतिस्पर्धी त्याच्या छातीखाली शिरून त्याला मागे रेटतो. तिसरी मर्यादा दुखापतीची. एवढ्या देहाला वरून पाडणे कठीण, म्हणून छोट्या चणीचे बचावपटू त्याच्या पायांवर झेप घेतात.

चाचण्या काय सांगतात?

ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिस येथे 'कॉम्बाइन' नावाचे चाचणी शिबिर भरते. तेथील ४० यार्डांची, म्हणजे सुमारे ३६.५ मीटरची धाव सर्वाधिक गाजते. परंतु ती सरळ रेषेतील धाव आहे. अतिविशाल खेळाडूविषयीचा खरा प्रश्न थांबण्याचा व वळण्याचा असल्याने, एका बाजूस ५, विरुद्ध बाजूस १० व पुन्हा ५ यार्ड धावण्याची 'शटल' चाचणी अधिक अर्थपूर्ण ठरते. अर्थात तीही मोकळ्या जागेत होते. अंगावर प्रतिस्पर्धी असताना खेळाडू किती वाकतो आणि गर्दीत चेंडू कसा धरतो, हे प्रत्यक्ष सामन्यांचे चित्रण पाहूनच कळते.

निवडक उदाहरणे

२००६ च्या ड्राफ्टमध्ये तीन लक्षणीय टाइट एन्ड होते. ६ फूट ३ इंच उंचीच्या व्हर्नन डेव्हिसने ४० यार्डांचे अंतर ४.३८ सेकंदांत कापले आणि तो सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. ६ फूट ६ इंच उंचीचा मार्सेडीस लुईस २८ व्या, तर ६ फूट ८ इंच उंचीचा लिओनार्ड पोप तिसऱ्या फेरीत ७२ व्या क्रमांकावर निवडला गेला. डेव्हिसने २००९ च्या हंगामात झेलांवर १३ टचडाउन केले. पोप एकाहून अधिक संघांकडून खेळला, पण मुख्य झेलकरी म्हणून त्याची जागा पक्की झाली नाही. लुईसची वाट तिसरीच. २०१० मध्ये त्याने १० टचडाउन केले खरे, परंतु त्याच्या दीर्घ कारकिर्दीचा आधार ठरले ते ब्लॉकिंग. २०२४ चा हंगाम हा त्याचा एकोणिसावा होता.

२०१० च्या ड्राफ्टमध्ये रॉब ग्रॉन्कोव्स्की (६ फूट ६ इंच) ४२ व्या आणि जिमी ग्रॅहम (६ फूट ७ इंच) ९५ व्या क्रमांकावर निवडले गेले. पाठीच्या दुखण्यामुळे ग्रॉन्कोव्स्कीचा २००९ चा महाविद्यालयीन हंगाम वाया गेला होता, तर ग्रॅहम मुळात बास्केटबॉलपटू असून महाविद्यालयात एकच हंगाम फुटबॉल खेळला होता. २०११ मध्ये ग्रॉन्कोव्स्कीने १,३२७ यार्ड व १७ टचडाउन, तर ग्रॅहमने ९९ झेल व १,३१० यार्ड अशी कामगिरी केली. दोघांच्या बाबतीत आकाराला शरीराच्या नियंत्रणाची जोड होती. तथापि ग्रॉन्कोव्स्कीला मोजावी लागलेली किंमतही विसरता येत नाही. २०१२ मध्ये हाताचे हाड मोडले, २०१३ मध्ये गुडघ्याजवळच्या धडकेने अस्थिबंध तुटला आणि २०१६ मध्ये पाठीवर शस्त्रक्रिया झाली.

जेसन पीटर्सचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. अर्कान्सा विद्यापीठाच्या या तीनशे पौंडांहून, म्हणजे १३६ किलोंहून अधिक वजनाच्या टाइट एन्डला २००४ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नाही. बफेलो बिल्स संघाने त्याला ड्राफ्टबाहेरून घेतले आणि पुढे टॅकल या मुख्य फळीतील जागी आणले. तिथे तो नऊ वेळा 'प्रो बोल' या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला. त्याच्या शरीरात दोष नव्हता. ते चुकीच्या जागी मोजले जात होते.

अलीकडचे उदाहरण जॉर्जिया विद्यापीठाच्या डार्नेल वॉशिंग्टनचे. २०२३ च्या कॉम्बाइनमध्ये सुमारे ६ फूट ७ इंच उंची व १२० किलो वजन असताना त्याने ४० यार्ड ४.६४ सेकंदांत आणि शटल ४.०८ सेकंदांत पूर्ण केली. तरीही तो ९३ व्या क्रमांकावर पिट्सबर्ग स्टीलर्सकडे गेला. २०२३ मध्ये त्याने ७ झेल व ६१ यार्ड, तर २०२४ मध्ये १९ झेल व २०० यार्ड मिळविले. केवळ झेल मोजणारा याला अपयश म्हणेल. पण संघाने त्याचा उपयोग प्रामुख्याने ब्लॉकिंगसाठी केला, हे लक्षात घेता तो निष्कर्ष उतावीळपणाचा ठरतो.

मूल्यमापनाचे निकष

१) थांबण्याची क्षमता : पूर्ण वेगातून किती पावलांत थांबून वळता येते?
२) वाकण्याची क्षमता : ब्लॉकिंगमध्ये, विशेषतः शेवटच्या सत्रातील थकव्यानंतरही, खांदे खाली राहतात काय?
३) हातांचे कौशल्य : गर्दीत, अंगावर धडक बसत असताना झेल टिकतो काय?
४) वजनाची वाढ : शरीर अजून भरत असल्यास पाच वर्षांनी ते याच जागेचे राहील काय?
५) दुखापतींचा इतिहास : विशेषतः गुडघा, घोटा व पाठ.
६) संघाची गरज : संघाला झेलकरी हवा आहे की फळीतील सहावा गडी?

निष्कर्ष :

१) अतिविशाल आकार हा स्वतंत्र गुण नाही. थांबणे, वाकणे व झेलणे या क्षमतांचे मोल तो वाढवितो. त्यांची उणीव मात्र भरून काढत नाही.
२) सरळ धावेचा वेग अशा खेळाडूबाबत सर्वाधिक दिशाभूल करू शकतो.
३) यशाची व्याख्या भूमिकेनुसार ठरविली पाहिजे. झेलांच्या आकड्यांवर लुईसची दीर्घ कारकीर्द उलगडत नाही.
४) एका जागी अयोग्य ठरलेले शरीर दुसऱ्या जागी असाधारण ठरू शकते.

समारोप :

'हा मुलगा या जागेसाठी फार मोठा आहे काय?' हा निवडकर्त्याचा नेहमीचा प्रश्न अपुरा आहे. 'या देहावर त्याचा ताबा किती, आणि त्या ताब्याला साजेसे काम आपल्याकडे आहे काय?' असा तो विचारला गेला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मोजपट्टी देते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी शिक्षकाला मैदानात उभे राहून खेळाडूकडे बराच काळ पाहावे लागते. पीटर्सला ड्राफ्टमध्ये कोणी विचारले नाही, तेव्हा त्याचे माप सर्वांना ठाऊक होते. त्याची जागा कोणाला दिसली नव्हती.