पेनड्राइव्ह चालेना? लॅपटॉप भंगारात घालू नका

कुपवाडला आमच्या घरी एक जुना लॅपटॉप आहे. ४ जीबी रॅम, वय दहा वर्षे. एके दिवशी त्यातले विंडोज सुरूच होईना. दुरुस्तीवाला म्हणाला, "भंगारात घाला, नवा घ्या." एमआयडीसीतल्या पगारात मुलांची फी आणि दवाखाना भागवून नवा लॅपटॉप घेणे सोपे नाही. शिवाय त्याच्या डिस्कवर मरहूम अब्बांच्या आवाजातली तिलावत होती. तिची दुसरी प्रत आम्ही कधी करून ठेवलीच नव्हती.

डिप्लोमाला शिकणारी आमची मुलगी म्हणाली, "अम्मी, लिनक्स टाकून बघू या. पैसे लागत नाहीत."

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला आणि सर्वांना खुला केला. त्यावर उबुंटू, डेबियन, मिंट अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाची भारतीय प्रणाली तयार केली. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नियमित आधार थांबला. त्यामुळे जुना संगणक असलेल्या बऱ्याच घरांपुढे हा प्रश्न आहे. आम्ही मिंटची हलकी 'एक्सएफसीई' आवृत्ती निवडली.

पण पेनड्राइव्हवरून ती सुरू करताना आम्ही तीनदा अडखळलो.

पहिली अडचण : नुसती कॉपी. शेजारच्या भाभींच्या संगणकावर 'आयएसओ' फाइल उतरवली आणि गाणी टाकतो तशी पेनड्राइव्हवर टाकली. लॅपटॉपला ती दिसलीच नाही. ही फाइल अशी टाकून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचर यांसारख्या मोफत साधनाने ती पेनड्राइव्हवर 'लिहावी' लागते. ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. मात्र लिहिताना त्यावरचे आधीचे सारे पुसले जाते. भाभींच्या पेनड्राइव्हवर त्यांच्या मुलीच्या निकाहचे फोटो होते. मुलीने आधी उघडून पाहिले म्हणून ते वाचले. आम्ही दुसरा पेनड्राइव्ह आणला.

दुसरी अडचण : अर्धवट फाइल. आता मेनू दिसला, पण मध्येच चुकीचा संदेश येऊन सारे थांबले. आम्ही पुन्हा लॅपटॉपलाच दोष दिला. खरे तर मोबाइलचे इंटरनेट मध्येच तुटले होते आणि फाइल बिघडली होती. हे ओळखायची सोय आहे. मिंटच्या संकेतस्थळावर प्रत्येक फाइलसोबत ६४ अक्षर-अंकांची एक खूण दिलेली असते, तिला 'एसएचए-२५६' म्हणतात. आपल्या फाइलची खूण काढून तिच्याशी ताडून पाहायची. एक अक्षर जरी वेगळे निघाले, तरी फाइल पुन्हा उतरवायची.

तिसरी अडचण : काळा पडदा. नवी फाइल लिहिली, मेनू आला आणि पडदा काळा झाला. मेनूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' हा पर्याय होता. तो निवडल्यावर चित्र दिसू लागले. ग्राफिक्सचे जुळत नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो.

तुमच्याकडे मेनूच येत नसेल, तर लॅपटॉप चालू करताच बूट-मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोवोवर ती बहुधा एफ-१२, एचपीवर एफ-९ असते. तरीही जमले नाही, तर पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये लावून पाहा. काही लॅपटॉपवर सेटिंगमधले 'सिक्युअर बूट' बंद करावे लागते. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची किल्ली आधी लिहून ठेवा.

मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू झाले. यालाच 'लाइव्ह' म्हणतात. यात प्रणाली डिस्कवर बसवावी लागत नाही आणि वाय-फाय, आवाज, कीबोर्ड चालतात का तेही आधीच कळते. मुलगी 'इन्स्टॉल' दाबणार, इतक्यात आम्ही तिला थांबवले. पुढे 'डिस्क पुसून बसवा' असा पर्याय येतो आणि तो दाबला की जुने काहीच उरत नाही.

आधी लाइव्हमधूनच जुनी डिस्क उघडली. विंडोज बंद पडले होते, फाइली शाबूत होत्या. अब्बांची फाइल सापडली. आवाज चालतो का, हे आम्ही तीच लावून पाहिले. घरात कोणी काही बोलले नाही. मग तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या, उरलेले फोटो आणि कागदपत्रे काढून घेतली आणि त्यानंतरच 'इन्स्टॉल' दाबले.

आता मुलगी त्याच लॅपटॉपवर अभ्यास करते. लिनक्स शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमाचे मराठी धडे मोफत मिळतात.

तुमच्या घरीही असा बंद लॅपटॉप पडून असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढा. आणि सर्वांत आधी, आज सारे नीट चालू आहे तोवरच, घरातल्या मोलाच्या फाइलींची दुसरी प्रत करून ठेवा.