गिअर अडतो कुठं?

विस्कॉन्सिनमधल्या तळ्यांवर दिवाळी अंकासाठी लिहा, असं संपादकांनी सुचवलं होतं. तळ्याकाठचे सूर्यास्त वाचकांनी पुष्कळ पाहिलेत, म्हणून मी विनेबागो तळ्याजवळच्या बोटी दुरुस्त करणाऱ्या एका शेडमध्ये शिरलो आणि तिथंच रमलो. ट्रेलरवर 1980च्या दशकातली फायबरची एक बोट चढवलेली होती. तक्रार दोन वाक्यांची: गिअरचा दांडा जड झालाय, आणि गिअर टाकताना इंजिन बंद पडतं. साठी ओलांडलेला मिस्त्री ती ऐकून नुसता हसला. उन्हाळा लागला की अशी बोट येतेच म्हणे.

बोट स्टर्नड्राइव्ह जातीची. इंजिन आत, बहुतेक वेळा जनरल मोटर्सच्या मोटारींच्या इंजिनावर बेतलेलं. मागच्या फळीतून आरपार जाऊन बाहेर एक पाय सोडलेला आणि पायाच्या तळाशी पंखा. वेगळं सुकाणू नाही, अख्खा पायच वळतो. ही कल्पना बाजारात आणली ती स्वीडनच्या व्होल्व्हो पेंटानं, 1959 साली, ‘अ‍ॅक्वामॅटिक’ या नावानं. पण ती घेऊन त्यांच्याकडे गेलेला जिम विन हा इंजिनिअर पूर्वी बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीत नोकरीला होता! मर्क्युरीनं 1961 मध्ये स्वतःचं ‘मर्क्रूझर’ काढलं. मर्क्युरीचं मुख्यालय इथून जवळच, तळ्याच्या दक्षिण टोकाला फाँड ड्यू लॅक गावात आहे. तिथल्या मालकांची भांडणं हा वेगळा आणि चटकदार विषय आहे; मला मात्र गिअरनं धरून ठेवलं.

ट्रेलरवरचा पाय मर्क्रूझरचाच, ‘अल्फा वन’ होता. त्याच्या तळाशी पंख्याच्या शाफ्टवर समोरासमोर दोन दातेरी चाकं आहेत, एक पुढं नेणारं, एक मागं. इंजिन चालू असेपर्यंत दोन्ही फिरत राहतात. मधे सरकणारा दातेरी क्लच ज्या चाकात जाऊन अडकेल, त्या दिशेनं पंखा फिरतो. मोटारीतल्यासारखी घसरत घसरत पकडणारी प्लेट इथं नाही. दात अडकले की इंजिनाचा जोर त्यांना एकमेकांवर दाबून धरतो, मग दांडा ओढला तरी ते सहजासहजी सुटत नाहीत.

यावर काढलेली तोड पाहून मी मिस्त्र्याला तोच भाग पुन्हा पुन्हा हलवून दाखवायला लावला. दांड्याकडून आलेली वरची केबल आणि पायाकडे जाणारी खालची केबल इंजिनावरच्या एका पत्र्यावर भेटतात. न्यूट्रलला आणताना अडकलेल्या दातांमुळे केबलवर ताण येतो. त्या ताणानं खाच असलेली एक पट्टी सरकते, खाचेत बसलेला बारीकसा स्विच दाबला जातो आणि इंजिनाची ठिणगी तुटते. इंजिन क्षणभर अडखळतं, दातांवरचा दाब जातो, क्लच सुटतो, पट्टी जागेवर येते आणि ठिणगी परत सुरू. हमालाच्या पाठीवरचं पोतं कुणी पळभर उचलून धरावं आणि तेवढ्यात त्यानं खांदा बदलावा, तसा हा प्रकार. इंजिनालाच मुद्दाम चुकवून गिअर सोडवायचा! ज्याला हे सुचलं त्याला माझा नमस्कार.

घोटाळा एवढाच, की स्विचला फक्त ताण कळतो. तो दातांचा आहे की गंजलेल्या केबलचा, हे त्याला कुठून कळणार? केबल जड झाली की गिअर टाकतानाही ठिणगी तुटते आणि धक्क्याला लागताना, नेमकी मागं घेण्याची गरज असते तेव्हा, इंजिन मरतं. काही हुशार मंडळी अशा वेळी स्विचची वायरच काढून टाकतात. इंजिन मग बंद पडत नाही, पण क्लचचे दात जोरानं ओढून सोडवावे लागतात, त्यांच्या कडा झिजतात आणि चालत्या बोटीत गिअर उडायला लागतो. शंभराच्या दुखण्याचं हजारांचं होतं.

मिस्त्र्यानं इंजिन बंद ठेवून दोन्ही केबली पत्र्यावरून सोडवल्या. दांडा हलवला, तर लोण्यासारखा फिरला. म्हणजे वरची केबल निर्दोष. मग हाताखालच्या पोराला पंखा हातानं फिरवत ठेवायला सांगून खालची केबल ओढली. कण्हत आली. आता जडपणा केबलमध्ये, की पायातल्या गिअर फिरवणाऱ्या दांडीत? पाय उतरवल्याशिवाय उत्तर नाही.

इथून पुढं कामाचं रूपच पालटलं. लिव्हर पुढच्या गिअरमध्ये ठेवायचा, पाय वर-खाली करणारे दोन दट्टे सोडवायचे, सहा नट काढायचे आणि पाय सरळ मागं ओढायचा. दरवर्षी उतरवून ग्रीस लावलेला पाय सरकत येतो. हा कित्येक वर्षांत कुणी हलवलाच नव्हता. आतला शाफ्ट बेअरिंगमध्ये गंजून बसलेला. तेल मारा, थांबा, पाचर घाला, पुन्हा थांबा. दुपार त्यातच गेली.

पाय सुटल्यावर खालची केबल एकटीच ओढून पाहिली. तरीही जड. बाहेरचं आवरण चिरलेलं, आत पाणी शिरून तार गंजलेली. ही केबल मागच्या फळीतून पाण्याच्या पातळीखाली जाते, म्हणजे त्या चिरेतून पाणी नुसतं तारेपर्यंत थांबत नाही, बोटीतही येऊ शकतं. बांधून ठेवलेली बोट रात्रीतून बुडायला तेवढं पुरतं. जड दांडा हा त्याचा आगाऊ निरोप असतो, आणि लोक तो मनगटाच्या जोरानं परतवतात.

नवी केबल बसवायची तर ती धरणारा नट खोलगट जागी, त्याला खास पाना लागतो. तिचा रबरी भाता नवा हवा. तो बदलायचा तर शेजारचा मोठा भाताही पाहावा लागतो, कारण तो फाटला की सांध्यात आणि बेअरिंगमध्ये पाणी. बेअरिंग तर आधीच खरखरत होतं. शेवटी केबलवरची पितळी गुंडी आणि केबलच्या टोकाचं भोक यांत 6 इंचांचं अंतर मोजून बसवायचं, तेही चुकलं तर पहिल्या दिवसापासून गिअर अर्धवट पकडणार.

मालक संध्याकाळी आला. केबल, दोन भाते, बेअरिंग आणि मजुरी मिळून आकडा ऐकल्यावर त्यानं बोटीकडे पाहिलं आणि फक्त केबलच बदलली तर चालेल का, असं विचारलं. मिस्त्र्यानं काढलेलं बेअरिंग त्याच्या हातात दिलं आणि फिरवून बघायला सांगितलं. त्यानं फिरवलं आणि उद्या फोन करतो म्हणाला. पाय तोपर्यंत लाकडी ठोकळ्यांवर, आणि पुढच्या दोन बोटी दाराबाहेर ट्रेलरवर.