स्कॅन झालेल्या काचांचं काय करायचं?

अमेरिकेत केंब्रिजच्या हार्वर्ड वेधशाळेत पाच लाखांहून अधिक काचा जपून ठेवल्या आहेत. १८८० च्या दशकापासून साधारण शंभर वर्षं आकाशाचे फोटो या काचांवरच्या जिलेटिनच्या थरात घेतले गेले. पेरूतल्या अरेकिपाला आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत ब्लूमफाँटेनला वेधशाळेच्या दुर्बिणी होत्या, त्यामुळे दोन्ही गोलार्धांचं आकाश इथे सापडतं. वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेव्हिट यांनी अशाच काचांवरचे काळे ठिपके भिंगाखाली मोजून १९१२ साली तेज कमी-जास्त होणाऱ्या २५ ताऱ्यांवरून तेजस्विता आणि आवर्तनकाळ यांचं नातं मांडलं. दीर्घिकांची अंतरं मोजण्याची वाट त्यातून खुली झाली. २०२४ पर्यंत यांतल्या सव्वाचार लाखांहून अधिक काचा खास बांधलेल्या स्कॅनरने टिपून झाल्या. आता एखाद्या ताऱ्याचा शतकभराचा तेजालेख घरबसल्या मिळतो. मग काचा हव्यात कशाला, असा प्रश्न साहजिकच येतो. माझ्या मते त्या हव्यात, कारण स्कॅन ही काचेची प्रत नव्हे. ते काचेचं नव्याने केलेलं मोजमाप असतं, आणि मोजणाऱ्याला ज्यात रस नसतो ते त्यातून सुटतं.

याचा उघड पुरावा शाईचा आहे. लेव्हिट, विल्यमिना फ्लेमिंग, ॲनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रिया काचेच्या मागच्या बाजूला खुणा करत, आकडे लिहीत. ताऱ्यांची तेजस्विता अचूक मोजायची तर ही शाई आड येते. म्हणून स्कॅनपूर्वी काचेचा फोटो काढून मग शाई पुसली जाई. ऐतिहासिक मोलाच्या काही काचा तेवढ्या तशाच राखल्या. खगोलशास्त्रज्ञाचा निर्णय त्याच्या जागी बरोबरच होता. पण विज्ञानाच्या इतिहासकाराला हीच शाई मूळ दस्तऐवज वाटणार, आणि एका स्कॅनमध्ये दोघांचं समाधान होणं अवघड.

मोजमाप म्हटलं की चूकही आली. हंस तारकासमूहातल्या केआयसी ८४६२८५२ या विचित्र ताऱ्याचा प्रकाश १८९० ते १९८९ या काळात मंदावत गेला, असा दावा २०१६ साली ब्रॅडली शेफर यांनी हार्वर्डच्या स्कॅनवरून केला. मायकेल हिप्के आणि इतरांनी हरकत घेतली: शंभर वर्षांत दुर्बिणी बदलल्या, १९५० च्या दशकात वेधशाळेचे संचालक डोनाल्ड मेंझेल यांनी फोटो घेणंच थांबवल्यामुळे मध्ये मोठी पोकळी पडली, तेव्हा ही घट ताऱ्याची कशावरून, मोजणीची का नसावी? वाद नुसत्या फाइलींवर मिटेना. जर्मनीतल्या सोनेबर्ग वेधशाळेच्या जुन्या काचा तपासल्या गेल्या आणि त्यांत तशी घट दिसली नाही.

काच फुटते, भिजते, जागा आणि पैसा खाते, हा आक्षेप खोटा नाही. २०१६ च्या जानेवारीत पाण्याची मुख्य वाहिनी फुटून हार्वर्डचं तळघर भरलं आणि सुमारे ६० हजार काचा पाण्याखाली गेल्या. स्कॅन करायला हवं होतं ते यासाठीच. पण त्यावरून काच टाकून द्यावी असं निघत नाही. फाइललाही सर्व्हर, वीज आणि दर काही वर्षांनी नव्या स्वरूपात उतरवणारी माणसं लागतात. हा खर्च हिशेबात धरलेला मला क्वचितच दिसतो.

आपल्याकडे कोडाईकॅनलच्या वेधशाळेत १९०४ पासूनचे सूर्याचे फोटो आहेत. कॅल्शियमच्या प्रकाशात घेतलेले तिथले फोटो आधी ८ बिटमध्ये टिपले गेले, म्हणजे करड्या रंगाच्या जेमतेम २५६ छटांत. पुढे तेच फोटो १६ बिटमध्ये, ६५,५३६ छटांत आणि दोन्ही बाजूंनी ४०९६ पिक्सेलने पुन्हा टिपले, तेव्हा सूर्यबिंबावरचे फिकट तपशीलही मोजता येऊ लागले. पहिल्या स्कॅननंतर काचा निकालात काढल्या असत्या, तर त्या २५६ छटांवरच भागवावं लागलं असतं.